चुलीचा वाटा

फुनक्याचा बर्गर मागणारे गिऱ्हाईक आमच्या दुकानात प्रथम आले, तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. ऑर्डरची चिठ्ठी आत पाठवण्याऐवजी रुपाली काउंटर सोडून स्वतःच ती घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली.

"आजी, हे तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "मला हसू येतंय, आणि तो माणूस हसण्यासारखा नाही."

चिठ्ठीवर लिहिले होते: एक बर्गर. बटाट्याची टिक्की नको, तिच्या जागी तुरीच्या डाळीचा फुनका. सॉस नको, चीज नको.

फुनका हा आम्हा खानदेशी लोकांचा घरचा पदार्थ. डाळ भिजवून जाडसर वाटायची, तीत लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घालायची, मूठभर गोळा वळायचा आणि वाफवायचा. तो कढीबरोबर खातात. पावात घालून तो कोणी मागितल्याचे मी बहात्तर वर्षांच्या आयुष्यात ऐकले नव्हते. पण रात्रीच्या आमच्या जेवणासाठी डाळ भिजत घातलेलीच होती, म्हणून मी रुपालीला म्हटले, "वीस मिनिटं लागतील म्हणून सांग, आणि बसायला सांग."

ही माझ्या दुकानाची रीत होती. सुरतेच्या उधन्यात मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी अमळनेरहून आले. यजमान मागावर कामाला जात आणि मी मागवाल्यांची खानावळ चालवी. एका वेळी साठ माणसे जेवून उठत. पुढे माझ्या मुलाने, हेमराजने, त्याच जागेत फास्ट फूडचे दुकान काढले आणि पाटीवर माझे नाव घातले: शोभा फास्ट फूड. पदार्थ त्याने बदलले. रीत मी बदलू दिली नाही. 'होत नाही' हे शब्द आमच्या काउंटरवर उच्चारायचे नाहीत. हिऱ्याचे एक व्यापारी पिझ्झा मागवीत आणि त्यावर चीजऐवजी हिरवी चटणी लावायला सांगत. एका वृद्ध गुजराती बेनना बटाट्याच्या सळ्या तळून, पंख्याखाली गार करून लागत. पर्युषणात सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची ऑर्डर सगळ्यांच्या आधी निघे, मग त्यात कांदा, लसूण, बटाटा काहीही नसो. रुपाली प्रत्येकाची मागणी त्याच्याच भाषेत एकदा परत म्हणून दाखवी, हाताने चिठ्ठी लिही आणि ती माझ्याकडे येई. तो पदार्थ कोणत्या हाताने व्हायचा, हे मी ठरवीत असे.

त्या दिवशी मी ते काम धुडकूकडे दिले. धुडकू आमच्या तळणीवर खानावळीच्या काळापासून आहे आणि घरी-दारी अहिराणीच बोलतो.

"फुनका आनि पावमा?" तो म्हणाला. "आते काय काय देखनं पडी, आजी."

"बघायचं नाही, करायचं," मी म्हटले.

गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले होते. वय साठीच्या पुढचे, अंगात परीटघडीचा पांढरा सदरा, उजव्या अंगठ्यात चांदीचे जाड वळे. त्याने एक घास घेतला, तो सावकाश चावला आणि उरलेला बर्गर ताटलीत ठेवला. मग उठून माझ्यासमोर येऊन हात जोडले.

"राग मानू नका, अक्का. वाफ बरोबर, मीठ बरोबर. पण हा घरचा फुनका नव्हे."

"आमच्या घरचा असाच असतो, भाऊ."

"तुमच्या घरचा असेल," तो म्हणाला. "उद्या पुन्हा बघतो."

दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी आला, त्याच ठिकाणी बसला. धुडकूने लसूण वाढवला होता, डाळ अधिक जाड ठेवली होती. त्या माणसाने एक घास घेतला, मान हलवली आणि निघून गेला. माझ्या दुकानातून माणूस अर्धपोटी उठला होता, तोही माझ्याच मुलखाचा, आणि माझ्याच मुलखाच्या पदार्थावरून. त्या रात्री मला जेवण गेले नाही. अपमान गिळायची सवय मला कधीच लागली नव्हती. ती असती, तर पुढचे कदाचित टळले असते.

तिसऱ्या दिवशी मी मनीषाला बोलावले.

मनीषा आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे कामाला लागली. बावीस वर्षांची पोर, पारोळ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरातली. तिने अमोलशी लग्न केले होते. अमोल नवागामच्या कारखान्यांत मागांची दुरुस्ती करतो. तो दुसऱ्या जातीचा. दोघांनी नोंदणी करून लग्न केले आणि सुरत गाठली. त्यानंतर तिच्या घरच्यांनी गावात तिचा दहावा घातला. पुरुषांनी मुंडण केले, पिंड ठेवले, भाऊबंद जेवू घातले. हे सगळे तिने कामाला लागण्यापूर्वी, माझ्यासमोर उभे राहून सांगितले. "नंतर कळलं असतं तर तुम्हाला फसवल्यासारखं झालं असतं," ती म्हणाली. ज्याचा दहावा झाला ते माणूस जिवंत असणे ही त्या घराची केवढी अडचण असते, हे मला समजत होते. म्हणून मी तिला आतले काम दिले. स्वयंपाकघर आणि काउंटर यांच्यामध्ये भिंत आहे. तिने भिंतीबाहेर यायचे नाही आणि तिला कोणी नावाने मोठ्याने हाक मारायची नाही, असा माझा हुकूम होता.

"फुनके येतात ना तुला?" मी विचारले.

"येतात." तिने हात पुसले. "कोण आहे गिऱ्हाईक, आजी?"

"गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक असतं. तू डाळ घे वाटायला."

"एकटाच आहे, का बायका-पोरांबरोबर?"

"म्हातारा माणूस आहे. जेवायला आलाय, सोयरीक करायला नाही. हात चालव."

तिने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी असे उत्तर दिले की तिसऱ्यांदा विचारायची तिची छाती होऊ नये. मला तेव्हा एवढेच हवे होते, की त्या माणसाने ताटली पुसून खावी.

मोमो वाफवायच्या भांड्यात तिने चार फुनके वाफवले. एक बाहेर काढला, त्याच्या कडेची चिमूटभर मोडली आणि ती गॅसच्या ज्योतीत टाकली. ज्योत क्षणभर पिवळी झाली. हे तिने इतक्या सहज केले, जसा कोणी पदराला हात पुसावा. मग तिने तो फुनका बनमध्ये ठेवला. तुकडा मोडलेला पदार्थ गिऱ्हाइकाला पाठवतात का, असे मी म्हणणार होते, तोवर रुपालीने ट्रे उचलला होता.

मी दारातून पाहत होते. त्या माणसाने घास घेतला नाही. त्याने वरचा बन उचलला आणि खाली पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बन परत ठेवला, खिशातून धुतलेला रुमाल काढून बर्गर त्यात बांधला आणि माझ्याकडे आला.

"आता बरोबर झाला, अक्का."

"तुम्ही खाल्ला तर नाही."

"घरी नेतो. घरच्यांना दाखवायचा आहे." त्याचा आवाज अतिशय मऊ होता. "ज्या हाताने केला, त्या हाताला माझा नमस्कार सांगा."

"या दुकानातला प्रत्येक हात माझाच आहे," मी म्हटले. ते मी अभिमानाने म्हटले. दुसरा कोणताही हेतू त्यात नव्हता.

त्याने माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहिले. "मग उद्या तुमच्यासमोर बसून खाईन," तो म्हणाला आणि गेला.

मला समाधान वाटले, हे मी लपवणार नाही. दुकानातली गर्दी ओसरल्यावर मी ते बोलूनही दाखवले. रुपाली तेव्हा काउंटर पुसत होती. ती थांबली.

"आजी, तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही. हा माणूस गेल्या आठवड्यात नवागामला आमच्या गल्लीत सँडविचच्या हातगाडीवर, लारीवर आला होता. फुनक्याचं सँडविच मागत होता. लारीवाल्याने हसून घालवला. कडोदऱ्याला माझा दीर पिझ्झाच्या दुकानात आहे, तिथेही गेला होता म्हणे."

"मग? त्याला फुनका आवडत असेल."

"आवडत असता तर खानदेशी खानावळीत गेला असता. उधन्यात काय कमी आहेत? हा बर्गर-पिझ्झावाल्यांकडेच का मागत फिरतोय? आणि समोर मोटरसायकलवर दोघं बसलेले असतात, तीन दिवस झाले. हा गेला की तेही जातात."

मी खुर्चीवरून उठले. गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो; त्या दिवशी लागला नाही. मनीषा मोमोचे भांडे घासत होती.

"तू फुनक्याचा तुकडा मोडून विस्तवात का टाकलास?"

"चुलीचा वाटा," ती भांड्यातून वर न पाहता म्हणाली. "पणजीच्या वेळी आमचं घर जळालं होतं. तेव्हापासून घरच्या पदार्थाचा पहिला तुकडा विस्तवाला द्यायचा. बर्गर-बिर्गरला काही देत नाही मी, ते काय घरचं नाही. पण फुनका म्हटल्यावर..."

"तुमच्या गावात सगळ्यांकडे आहे ही रीत?"

"नाही. आमच्याच घरात." तिचा हात थांबला. "आजी, मी मोडला का आज?"

"मोडलास."

"त्याने पाहिलं?"

"वरचा बन उचलून पाहिलं. रुमालात बांधून नेला."

तिने रुपालीकडे पाहिले. "अंगठ्यात चांदीचं वळं होतं?"

रुपालीने होकारार्थी मान हलवली. मनीषा मैद्याच्या डब्यांना टेकून खाली बसली. भांड्यावरचा नळ तसाच वाहत राहिला. तो धुडकूने बंद केला.

"मोठे बाबा," ती म्हणाली. "रामदास मोठे बाबा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ." मग तिने हेही सांगितले की दिवाळीत तिने गावातल्या एका मैत्रिणीला फोन केला होता. सुरतेत बर्गर बनवते, एवढेच बोलली होती. दुकानाचे नाव सांगितले नव्हते.

हेमराज आला तेव्हा त्याला सगळे सांगितले. तो व्यवहारी आहे. "माय, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग. आपल्या दुकानात नको."

"दुकानात नको, तर कुठे हवं? नवागामच्या खोलीत? तिथवर तिच्यामागून जायला त्या मोटरसायकलीला किती वेळ लागेल?"

"पोलिसांना सांगू."

"सांग. ते एकदा येतील. हा रोज येतो."

तो चौकीवर जाऊन आला. त्यांनी अर्ज घेतला, काही घडले तर फोन करा म्हणून सांगितले. अमोलला हेमराजने कारखान्यातून थेट आणले, आणि नवराबायकोला दुकानाच्या माळ्यावर, पिठाच्या पोत्यांशेजारी निजायला जागा दिली.

सकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि मनीषाला म्हटले, "मला शिकव."

चुलीपाशी मला अकराव्या वर्षानंतर कोणी काही शिकवले नव्हते. माझ्या सासूबाईंनीही नाही. मी आले त्याच महिन्यात त्यांनी पळी माझ्या हातात दिली होती. आता बावीस वर्षांची पोर माझ्या बोटांना धरून मुठीचा वळसा दाखवीत होती.

"असं नाही, आजी. तुम्ही नखाने मोडताय. पेराने दाबायचं, मग तो आपोआप सुटतो. आणि टाकताना विस्तवाकडे बघायचं नाही."

"का?"

"ठाऊक नाही. आजी बघायची नाही, म्हणून आम्हीही नाही."

सतरा फुनके वाया गेले. अठराव्याला ती म्हणाली, "हां. आता तो फसेल."

"हाताने फसेल. पण ही रीत मला कुठून आली, असं विचारलं तर?"

तेव्हा तिने मला मंदाआत्याची गोष्ट सांगितली. मंदा ही रामदासची आत्या. त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. पन्नास वर्षांपूर्वी तीही एका माणसाबरोबर निघून गेली होती. तिचाही दहावा घातला होता. ती पुन्हा कधी कोणाला दिसली नाही. घरातल्या बायका पुरुषांच्या मागे तिचे नाव काढीत. कोणी म्हणे नागपूरला आहे, कोणी म्हणे तिला नातवंडे झाली. "एक तरी सुटली, असं आजी म्हणायची," मनीषा म्हणाली. "मी निघाले ना, तेव्हा तिचंच नाव मनात घेऊन निघाले."

"ती आज किती वर्षांची असेल?"

मनीषाने माझ्याकडे पाहिले, आणि मी काय ठरवले आहे ते तिला कळले. "तुमच्याएवढीच," ती म्हणाली.

बेत साधा होता. सव्वाचारला पावाची गाडी मागच्या गल्लीत लागते. बनचे ट्रे उतरवून झाले की मनीषा आणि अमोल त्या गाडीत बसतील. हेमराज बरोबर जाईल. कोणत्या गावी, ते मी हेमराजला मोठ्याने उच्चारूही दिले नाही. तोवर रामदास आणि त्याची मोटरसायकलवाली माणसे माझ्या नजरेसमोर बसलेली हवीत. आणि तो हात माझा आहे असे त्याला पटले, तर पुढे शोधण्यासारखे त्याला काही उरणार नव्हते. मंदाआत्या म्हातारी झाली होती. म्हातारीला कोण काय करणार, असे मी धरले होते.

तो चारला आला. मी त्याच्या टेबलावर छोटी शेगडी आणि मोमोचे भांडे मांडून ठेवले होते.

"समोरची दोघं तुमचीच ना, भाऊ?" मी विचारले. "त्यांना आत बोलवा. तीन दिवस माझ्या दारासमोर माणसं उपाशी बसली आहेत. लोक मला काय म्हणतील?"

त्याने क्षणभर विचार केला आणि हात वर केला. दोघे तरुण आत आले. मी त्यांना रस्त्याकडे पाठ करून बसवले. रुपालीने त्यांच्यापुढे सरबत ठेवले. मग मी तिला काउंटरवर परत पाठवले.

मी गोळा वळला, वाफेवर ठेवला. तो शिजायला बारा मिनिटे लागली. रामदास माझ्या बोटांकडे पाहत होता. मी झाकण काढले, फुनका उचलला, पेराने कडेची चिमूट मोडली आणि विस्तवाकडे न पाहता ज्योतीत टाकली.

"हे कुठे शिकलात, अक्का?"

"माहेरी."

"माहेर कुठलं?"

मी त्यांच्या गावाचे नाव घेतले. माझ्या वडिलांच्या गावाखेरीज दुसऱ्या गावाला मी जन्मात माहेर म्हटले नव्हते. शब्द अडखळला नाही.

"रामदास," मी म्हटले, "मी तुझी मंदाआत्या. तुझ्या बापाने माझा दहावा घातला. माझ्या हातचं खायला तुला पन्नास वर्षं लागली. आता खा, आणि घरी जाऊन सांग की ती सुखात आहे."

दोघे तरुण रामदासकडे पाहू लागले. त्याने फुनका उचलला आणि या चार दिवसांत पहिल्यांदाच तो पूर्ण खाल्ला. बोटे रुमालाला पुसली, एकेक करून.

"फुनका बरोबर जमलाय," तो म्हणाला. "पण मंदाआत्या सापडली होती, अक्का."



"घरातल्या बायकांना आम्ही सांगितलं नाही. कशाला सांगायचं? धुळ्याला एका खानावळीत भाकऱ्या भाजायला होती. माझे वडील तिथे जेवायला बसले आणि त्यांनी फुनका मागितला. पानात आला तो चिमूट मोडलेला." तो हे सांगताना माझ्याकडे आदराने पाहत होता, थोरल्या माणसाला घरची हकीकत सांगावी, तसे. "हात लपत नाही, असं वडील म्हणायचे. त्यांनी तिला समजावून घरी आणली. मग मळ्यातल्या विहिरीवर तिचा पाय घसरला. दहावा आधीच झालेला होता. दुसरा घालावा लागला नाही."

त्याच वेळी मागच्या गल्लीत पावाची गाडी सुरू झाली. मी तिकडे मान वळवली नाही. इतकी ताठ बसून राहिले की त्यावरूनच त्याने ओळखले असावे. त्याने दोघांकडे नुसते पाहिले. ते सरबत तसेच टाकून स्वयंपाकघरातून मागे धावले. धुडकू त्यांच्या आडवा आला, त्याला त्यांनी तळणीवर ढकलले; त्याच्या कोपराची कातडी भाजली. पण गाडी तोवर मोठ्या रस्त्याला लागून उधन्याच्या गर्दीत मिसळली होती. दोघे परत आले आणि त्यांनी माना हलवल्या.

रामदासला राग आलेला दिसला नाही. त्याने खुर्ची सरळ करून ठेवली.

"हरकत नाही," तो म्हणाला. "तुम्ही फार कष्ट घेतले, अक्का. उद्या येतो."

आणि तो आला. त्यानंतर रोज आला. चारला येई, पाचला जाई. मी फुनका दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. मी चिमूट मोडी, तो बर्गर खाई, कापसाबद्दल, पाण्याबद्दल बोले, माझ्या गुडघ्यांची चौकशी करी. त्याने मनीषाचे नाव एकदाही घेतले नाही. दुकानातली माणसे त्या तासात एकमेकांशी बोलत नसत. रुपाली काउंटरवरची बेल हाताने दाबून धरी, वाजू देत नसे.

हेमराज पुन्हा चौकीवर जाऊन आला. त्या माणसाने जे सांगितले ते त्याने तिथे लिहून दिले. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसरे राज्य, पाय घसरलेली बाई, आणि तक्रार करणारे तिचे कोणी नाही. त्यांनी लिहून घेतले.

"माय, त्याला हाकल आता," हेमराज म्हणाला. "भाजलेला हात घेऊन धुडकू काम करतोय, आणि तू त्यांना खाऊ घालतेस."

"हाकलला तर तो कुठे जाईल ते मला दिसणार नाही. चार ते पाच तो इथे बसतो. तेवढा एक तास तरी तो कुठे आहे, हे मला ठाऊक असतं."

"आणि बाकीचे तेवीस?"

मी उद्याची डाळ भिजत घातली.

मनीषा दर रविवारी फोन करी. अमोलला तिथे काम मिळाले होते. खोलीला खिडकी एकच होती, पण शेजार चांगला होता. पहिल्याच रविवारी तिने विचारले, "मंदाआत्याचं नाव चाललं ना, आजी?"

"चाललं," मी म्हटले.

"मला वाटलंच. ती असती तर तिने स्वतःच नाव दिलं असतं." ती हसली. सुरत सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मी तिला खरे सांगितलेले नाही. एक तरी सुटली, या शब्दांवर त्या घरातल्या किती पोरी अजून झोपत असतील, कोण जाणे. ते शब्द त्यांच्याकडून काढून घेणारी मी कोण?

त्याच्या पहिल्या भेटीपासून विसाव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे साडेतीनला डाळ वाटली. पावणेचारला गोळा वळला. चार वाजले, भांड्यातून वाफ येऊ लागली. सव्वाचारला मी रुपालीला रस्त्यावर पाहायला पाठवले. समोर मोटरसायकल नव्हती.

"उशीर झाला असेल," ती म्हणाली. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

त्या माणसाला एकोणीस दिवसांत एकदाही उशीर झाला नव्हता. साडेचारला मी गॅस बंद केला आणि हेमराजला गाडी काढायला सांगितली. मग फोन लावला. पाच वेळा वाजल्यावर मनीषाने उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अमोल कुठे आहे?"

"कामावर. सहाला येतो. काय झालं, आजी?"

"त्याला आत्ता बोलाव. शेजारणीला आपल्याकडे बसायला बोलाव. दाराला कडी लाव, आणि कोणी ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी उघडू नको. अगदी आईच्या आवाजात मारली तरी."

"तो आला नाही का आज?"

"नाही."

तिने फोन ठेवला नाही. तो हातात धरूनच ती दारापर्यंत गेली असावी. कडी लागल्याचा आवाज मला स्पष्ट आला, मग वरच्या बोल्टचा. मी गाडीत बसले. धुडकू पट्टी बांधलेल्या हाताने दार लावून घेत म्हणाला, "आजी, मीबी येस," आणि मागे बसला. हेमराजने गाडी रस्त्याला घातली. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती, आणि त्या वेळी सुरतेबाहेर पडायला पाऊण तास लागतो.